कण्यावर मावेल असं नाव

आमच्याकडे पुस्तक येतं ते उघडंनागडं येतं. छापखान्यातून मोठाल्या कागदांचे गठ्ठे येतात. एकेका कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. फर्मे क्रमाने जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस लावायचा, कडा कापायच्या. मग पुठ्ठ्याच्या कण्यावर, म्हणजे कपाटात पुस्तक उभं केलं की दिसते त्या पट्टीवर, सोनेरी अक्षरांत नाव दाबायचं आणि तो पुठ्ठा वर चढवायचा. लिहिणाऱ्यांचं मात्र पुस्तकाला नाव काय द्यायचं ते तोपर्यंत ठरलेलं नसतं. एकाने तर पुठ्ठे दाबून झाल्यावर निरोप धाडला होता की नाव आवडेना. मी उलट निरोप धाडला की मग पुस्तक आवडून घ्या.

हे सगळं घरामागच्या लांबट खोलीत चालतं. एका टोकाला कटिंगचं यंत्र, दुसऱ्या टोकाला ठशाचं, मध्ये मोठं टेबल, भिंतीला कागदाची रॅकं आणि कापडाच्या गुंडाळ्या. सरसाचा वास इतका मुरलाय की पाहुणे नाक मुरडतात आणि आम्हाला तो येतच नाही. मुलगा यंत्रं बघतो, सून शिलाई बघते आणि मी त्या दोघांना बघते. शाळा मी दोन वर्षं केली, तीही अर्धी वर्गाबाहेर उभी राहून. वाचते ते बोट ठेवून. पण वाचलेलं विसरत नाही, हे आमच्या नातेवाइकांना चांगलं ठाऊक आहे.

माझे धाकटे दीर मोजणी खात्यात मोठे साहेब होते. जमिनी मोजायच्या, नकाशे करायचे, सह्या करायच्या. घरीदारी सगळे त्यांना साहेबच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. मी तेवढी भाऊजी म्हणते, कारण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते अर्ध्या चड्डीत होते आणि आंघोळीच्या वेळी पळून जायचे.

तर हे भाऊजी एक दिवस सकाळी कारखान्यात आले. काखेत टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा, तोंडावर हसू.

"वहिनी, पुस्तक झालं," म्हणाले. मुलगा झाला म्हणावं तसं.

"कुणाचं?"

"माझंच. आत्मचरित्र. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांचा मेळावा आहे, तिथे सगळ्यांना द्यायचंय. छापखान्याशी बोललोय. बांधणी अर्थात तुमच्याकडेच."

"अर्थात," मी म्हटलं. "नाव काय?"

भाऊजींनी खाकरून घसा साफ केला आणि भाषणाला उभं राहावं तसे ताठ झाले. "एकट्याच्या बळावर : खडतर वाटेने शिखर गाठणाऱ्या एका जिद्दीची गाथा."

मुलाने यंत्र थांबवलं. "काका, मध्ये कुठे तरी पाणी प्यायची सोय करा. चढ फार आहे."

"तू गप रे. नाव भारदस्त हवं. माणूस कपाटासमोर उभा राहिला की नाव त्याच्यावर चालून आलं पाहिजे. कण्यावर पूर्ण नाव हवं, मोठ्या अक्षरात. माझ्या खात्यातल्या म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यायला हवं."

"बघू," मी म्हटलं. "गठ्ठा ठेवून जा. किती फर्मे होतील त्याचा अंदाज काढते."

चहा पिऊन ते गेले. दुपारी कामाला जरा उसंत होती, तेव्हा मी सुनेला म्हटलं, "वाच बघू. साहेब काय म्हणतायत ऐकू दे." ती वाचते छान, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी, एकाही शब्दाला न अडखळता. तिने सुरुवात केली. मी घड्या घालत ऐकत होते. भाऊजी जन्मले. गरिबी होती. दिव्याखाली अभ्यास केला. पहिले आले. नोकरी लागली. मग बदल्या, बढत्या, मोठमोठ्या धरणांची मोजणी, मंत्र्यांनी पाठ थोपटली ते, दुसऱ्या मंत्र्यांनी थोपटली ते. मी वाट बघत होते. गठ्ठा संपला.

"यांचं कुठे आहे?" मी विचारलं. हे म्हणजे माझे मालक, भाऊजींचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

सुनेने मागची पानं चाळली. "आहे ना. तिसऱ्या पानावर. 'आमच्या कुटुंबाचा पुस्तकबांधणीचा छोटासा व्यवसाय होता.'"

"आणि?"

"एवढंच, आई."

छोटासा व्यवसाय. माझ्या हातातली घडी तिरकी गेली. सहसा जात नाही.

आता काय झालं होतं ते सांगते, म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. सासरे अचानक गेले. यांनी शाळा सोडली आणि कारखान्यात उभे राहिले. धाकटा हुशार म्हणून त्याने शिकायचं असं ठरलं. ठरवलं कुणी, तर यांनीच. पण पुस्तकं विकत आणायला परवडत नव्हती. छापखान्यात कुठल्याही कामाला थोडे कागद जास्तीचे छापतात, काही खराब होणार हे धरून. काम संपलं की उरलेले फर्मे रद्दीत जातात. आमच्याकडे तेव्हा शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची बांधणी असायची. हे रद्दीतून एकेक फर्मा वेचायचे. पहिला सापडला, तिसरा सापडला, दुसऱ्यासाठी दुसऱ्या बाइंडरकडे चौकशी करायची. एखादा कुठेच मिळाला नाही तर त्या जागी कोरा फर्मा घालायचे, भाऊजींनी मित्राच्या पुस्तकातून तेवढी पानं उतरवून घ्यायची. पुठ्ठेही तसेच, कुठल्या तरी कामात ठसा तिरका पडला म्हणून बाजूला टाकलेले. शिवत मी होते. नवी नवरी होते, हातावरचा रंग उतरला नव्हता आणि मी बीजगणित शिवत होते. भाऊजींचं सगळं शिक्षण असं रद्दीतून जुळवलेलं आहे. आणि आता पुस्तकाचं नाव काय, तर एकट्याच्या बळावर.

सून म्हणाली, "आई, काकांना सरळ सांगा ना. घालतील ते."

"मी सांगू? म्हणजे वहिनीने आठवण करून दिली म्हणून दोन ओळी. तसल्या ओळी मला नकोत. त्यांच्या पोटातून यायला हव्यात."

"पोटातून कशा काढणार?"

रॅकवरून कागद काढला आणि डमी करायला बसले. डमी म्हणजे कोऱ्या कागदाचं पुस्तक. छापण्याआधी जाडी किती होणार ते बघायला करतात. भाऊजींच्या पानांचे जेवढे फर्मे होणार होते तेवढेच घेतले. फक्त कागद सगळ्यात पातळ घेतला.

सुनेने कागद दोन बोटांत धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती शिवायला लागली.

भाऊजी परत आले तेव्हा मी ती डमी त्यांच्या हातात दिली. "हे बघा तुमचं पुस्तक. कणा केवढा आहे? काडीएवढा. तुमचं नाव दोन ओळींत मोठ्या अक्षरात घालायचं तर वर मात्रा, खाली उकार, रफार, जोडाक्षरं, सगळं एकमेकांवर चढेल. सोनं पसरून नुसता लगदा दिसेल."

मुलगा म्हणाला, "आई, पण जाड कागद वापरला तर..."

"तू ब्लेडला धार लाव," मी म्हटलं.

भाऊजींनी डमी उलटीपालटी केली, कण्यावर अंगठा फिरवला, पानांची एक कड बोटांत धरून बघितली. "मग काय करायचं म्हणता?"

"एक तर नाव आखूड करा, नाही तर पुस्तक वाढवा."

"नाव नाही बदलणार," ते ठासून म्हणाले. "पुस्तक वाढवतो."

मला वाटलं, निम्मं काम झालं. वाढवायचं म्हटलं की माणूस राहिलेलं काही तरी आठवणारच. आठ-दहा दिवसांत भाऊजी नवा गठ्ठा घेऊन आले. सुनेने वाचला. निरोप समारंभात झालेली सगळी भाषणं होती, एकही शब्द न गाळता. हार घालणाऱ्यांची नावंसुद्धा. सून वाचता वाचता जांभई द्यायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं.

"अजून भरत नाही हो कणा," मी भाऊजींना सांगितलं.

"नाही भरत?"

"थोडा कमी पडतो."

पुढच्या खेपेला ते परदेशचा दौरा घेऊन आले. विमानात खिडकीची जागा कशी मिळाली, हॉटेलातली गादी किती मऊ होती, तिकडे रस्त्यावर कागदाचा कपटा कसा दिसत नाही. मुलाने ऐकलं आणि म्हणाला, "काका, गादीचं प्रकरण अजून वाढवता येईल. उशा राहिल्यात."

भाऊजी हसले, पण मला हसू आलं नाही. असंच चाललं तर पुस्तक वीट होईल, आणि आमचे हे त्यात छोटासा व्यवसायच राहतील. आडून बोलणं मला एरवीही जमत नाही. आता मी जरा सरळ झाले.

"भाऊजी, एक विचारू? तुमचं पुस्तक मध्येच उसवलेलं आहे. पहिल्या पानावर जन्मता, चौथ्यावर नोकरीला लागता. मधली वर्षं कुठायत?"

"ती अभ्यासात गेली. लिहिलंय ना, दिव्याखाली."

"दिवा कळला. कशावरून केलात अभ्यास?"

"म्हणजे?"

"म्हणजे दिव्याखाली काय धरलं होतंत? अभ्यासाला पुस्तकं लागतात ना?"

भाऊजींनी टेबलावरची डमी उचलली, ठेवली, परत उचलली आणि काखेत मारून चालते झाले. चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर बरेच दिवस ते फिरकलेच नाहीत. मेळावा जवळ येत चालला. छापखान्याचा माणूस दोनदा विचारून गेला. मग माझ्या जाऊबाईंचा फोन आला, म्हणजे भाऊजींच्या बायकोचा.

"तुम्ही साहेबांना काय बोललात हो? सारखे लिहितायत आणि फाडतायत. जेवताना विचारलं तर म्हणतात, कणा भरत नाही. कसला कणा?"

"पुस्तकाचा. मी नुसता मोजून सांगितला."

"तुमचं नुसतं मला माहितेय," जाऊबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आम्हा दोघींचं बरं आहे, जास्त बोलावं लागत नाही.

फोन ठेवला खरा, पण मला चैन पडेना. भाऊजी नावच आखूड करून छापखान्यात परस्पर देऊन आले तर? मग आयुष्यभर बोट ठेवून वाचलं तरी त्या पुस्तकात मला आमचं माणूस सापडायचं नाही. मेळाव्यातले साहेब ते घरी नेतील, त्यांची नातवंडं वाचतील आणि सगळ्यांना वाटेल की हा माणूस आकाशातून शिकूनच पडला. मी घरात कुणाला काही म्हटलं नाही. सुनेवर दोन-तीनदा उगाच डाफरले तेवढंच.

आणि मग एका दुपारी भाऊजी आले. काखेत ती डमी होतीच, पण या वेळी टाइप केलेलं नव्हतं, हाताने लिहिलेले कागद होते, खाडाखोड केलेले. सुनेने हात पुढे केला, तर म्हणाले, "नको, मीच वाचतो." स्टुलावर बसले. मुलाने यंत्र बंद केलं, मी न सांगता.

भाऊजी वाचायला लागले. सगळं होतं. रद्दीतून फर्मे वेचणं, कोरे फर्मे, दुसऱ्या बाइंडरच्या दारातल्या खेपा. मला माहीत असलेलं सगळं. मी सुईत दोरा ओवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आलात ना शेवटी ठिकाणावर. मग माझ्या माहितीच्या पुढचं सुरू झालं.

"दादा वापरत असे ते पुठ्ठे दुसऱ्याच पुस्तकांचे असत," भाऊजी वाचत होते. "आत भूमिती आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत 'पाळीव कोंबड्यांची दुखणी', अशी माझ्या पुस्तकांची अवस्था होती. कोंबड्यांचे कुणाला काही वाटले नाही. परंतु माझे रसायनशास्त्राचे पुस्तक ज्या पुठ्ठ्यात होते त्यावर 'तान्ह्या बाळाची अंघोळ आणि मालीश' असे नाव होते. पहिल्याच दिवशी ते मागच्या बाकावरून कुणी तरी मोठ्याने वाचले. त्या दिवसापासून मी वर्गात शिरलो की मागून बाळ रडल्याचा आवाज येई. माझे नाव 'दाई' पडले. कॉलेज संपेपर्यंत ते नाव सुटले नाही."

मुलाच्या तोंडून फुर्रकन हसू निसटलं. भाऊजींनी वर बघितलं. "हस. सगळं कॉलेज हसलंय."

"मग सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं. "वर काळं कापड चिकटवून दिलं असतं."

"ऐका तरी," म्हणाले आणि पुढे वाचू लागले. "रसायनशास्त्राचा सहावा फर्मा दादाला कित्येक महिने मिळत नव्हता. अखेर परीक्षेच्या तोंडावर तो मिळाला. तो घेऊन दादा स्वतः कॉलेजात आला. अंगावर सरसाचे डाग पडलेला सदरा होता. वर्गाच्या दारात उभा राहून त्याने मला हाक मारली. मागच्या बाकावरून लगेच बाळ रडू लागले. दादाने आत डोकावून सगळीकडे पाहिले आणि काळजीने विचारले, 'अरे, मूल कुणाचं रडतंय? बाहेर तरी न्या त्याला.' संपूर्ण वर्ग हसून लोटपोट झाला. दादाही हसला, सगळे हसत आहेत म्हणून. तो आवाज कसला होता हे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. पुढेही कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने मला पुन्हा एकही पुस्तक जुळवून दिले नसते, आणि मला ती पुस्तके हवी होती."

भाऊजी थांबले. कागद खाली ठेवले.

मला काही तरी आठवत होतं. सुई हातात तशीच राहिली. आठवलं, आणि मी हसायला लागले. थांबताच येईना. सून घाबरून पाणी आणायला उठली.

"काय झालं वहिनी?"

"अहो, हे त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले होते. म्हणाले, धाकट्याच्या वर्गात कुणी बाई तान्हं मूल घेऊन शिकायला येते. घरी सांभाळायला कुणी नसेल बिचारीला. पोरं हसतात, पण हिंमत बघ तिची, म्हणाले. आणि दोन दिवस खपून त्यांनी रंगीत कागदांच्या कपट्यांचं एक छोटंसं चित्रांचं पुस्तक बांधलं. त्या मुलासाठी. गोल कोपरे केले, टोचायला नको म्हणून."

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. "ते त्यासाठी होतं?"

"तुमच्याकडेच दिलं असणार."

"दिलं होतं. म्हणाला, त्या बाळाला दे. मला वाटलं, त्यालाही कुणी तरी सांगितलं आणि तोही माझी थट्टा करतोय. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही."

"मग केलंत काय त्याचं?"

"कॉलेजजवळच्या खानावळवाल्या बाईंच्या पोराला देऊन टाकलं. त्याने आठवड्यात फाडलं."

"बरं झालं. त्या वयाला पुस्तकं फाडायलाच असतात."

आता भाऊजीही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मी न बघितल्यासारखं केलं. माणसाला चष्मा पुसायला वेळ द्यावा. मला एवढे दिवस वाटत होतं की हा माणूस उपकार विसरला. तसं काही नव्हतं. साहेब झाले, पाठी थोपटून घेतल्या, पण मागच्या बाकावरचं ते बाळ यांच्या कानातून गेलंच नव्हतं. त्यावर मात करायला म्हणून ते लांबलचक नाव. मला हे कळलं, पण मी बोलून दाखवलं नाही. वर "एवढ्याशा कारणासाठी इतकी वर्षं गप्प बसलात?" असं म्हटलं तेवढं. ते म्हणाले, "तुम्हाला एवढंसं वाटतं. तुम्हाला कुणी दाई म्हणालं नाही."

"आमच्या सासूबाई काय काय म्हणायच्या ते लिहायला बसले तर तुमच्या दुप्पट कणा होईल," मी म्हटलं. "ते चित्रांच्या पुस्तकाचं पण घाला."

"घालतो." त्यांनी तिथल्या तिथे पेन काढलं. लिहून झालं तशी त्यांची नजर वरच्या कागदावर गेली. तिथे मोठ्या अक्षरात नाव होतं. एकट्याच्या बळावर. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मी टाका घातला. मी हू की चू केलं नाही, देवाशपथ.

"हे आता चालणार नाही," ते म्हणाले.

"का? कणा आता भरेल," मुलगा म्हणाला. गाढव आहे, पण वेळेवर बोलतो.

"कण्याचं सोड रे. आत दादा आणि वर एकटा?" भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा नाव."

"मी नाही. नाव तुमचं तुम्ही ठेवा. उद्या नाही आवडलं तर माझ्या नावाने खडे फोडाल."

"त्यागमूर्ती बंधू?"

"मूर्ती नकोत. ते त्यागबिग करत नव्हते, पुस्तकं बांधत होते. त्यांना ते आवडायचं. रद्दीत फर्मा सापडला की शीळ घालायचे."

"शीळ घालायचा, खरंच." भाऊजींनी तेही लिहून घेतलं. सून म्हणाली, ऋणानुबंध. ते म्हणाले, लग्नपत्रिकेसारखं वाटतं. मुलगा म्हणाला, कोंबड्यांची दुखणी ठेवा, एकही प्रत उरायची नाही. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. भाऊजी कागदावर लिहीत होते, खोडत होते. मग एक लिहिलं आणि खोडलं नाही. मान वर न करता वाचलं. "दादाने शिवलेली पुस्तकं."

"शिवली मी," मी म्हटलं.

"अं?"

"शिवली मी. त्यांनी जुळवली, बांधली. शिलाई माझी. खोटं नाव माझ्या यंत्राखाली जाणार नाही."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला. दादाने बांधलेली पुस्तकं. "आणि शिवलेलं आत घालतो. पहिल्याच वाक्यात."

"घाला. खरं आहे ते."

नाव ठरलं. मुलाने डमी हातात घेतली, कण्यावर बोटं टेकवून अंदाज घेतला आणि म्हणाला, "आई, आता घोटाळा झाला. पुस्तक जाड झालंय आणि नाव तीन शब्दांचं. एका ओळीत बसतं आणि वरखाली जागा उरते."

"मग भाषणं काढून टाकू या," मी म्हटलं. "हारांसकट."

"आणि विमान," सून हळूच म्हणाली.

भाऊजी तिच्याकडे बघून हसले. मग ती डमी त्यांनी मुलाच्या हातातून घेतली. "कागदही बदला. हा फार पातळ आहे. पहिल्या दिवशी हातात घेतली तेव्हाच कळलं होतं मला, वहिनी. मी मोजणी खात्यात जन्म काढलाय. जाड कागद घेतला असता तर माझं नाव त्याच दिवशी बसत होतं."

मी सुई खाली ठेवली. "कळलं होतं तर बोलला का नाहीत? भाषणं कशाला आणत बसलात?"

"तुम्ही काही तरी मागताय हे कळलं. काय मागताय तेही कळत होतं. तेवढं सोडून बाकी सगळं देऊन बघितलं."

मी सुनेला म्हटलं, चहा टाक, आणि भाऊजींनी त्या दिवशी दोन कप घेतले.

पुस्तक छापून आलं. जाड कागदावर आलं, भाषणांशिवाय. विमान राहिलं, कारण जाऊबाईंना त्यात एक फोटो मिळाला. मेळाव्यात साहेब लोकांनी नाव वाचून विचारलं म्हणे, हे काय, कुणाचं आत्मचरित्र आहे हे, तुमचं की भावाचं? भाऊजींनी काय उत्तर दिलं ते जाऊबाईंना ऐकू आलं नाही, त्या तेव्हा खुर्च्या धरून ठेवत होत्या.

आमचे हे दुसऱ्या फर्म्यात आहेत. कारखान्यात कामाची वाटणी ठरलेली आहे, घड्या सून आणि मी मिळून घालतो. त्या फर्म्याच्या घड्या मात्र सगळ्या मी घातल्या, तिला हात लावू दिला नाही. तिने घातल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं, तिचा हात चांगला आहे. पण मी घातल्या.